ढोलकीचा एकच फेरा

बपेरा, ता. तुमसर
१२ फेब्रुवारी २००७

बाबू अश्वजितले तुलाराम काकाजीचा जयभीम.

तुया बाबा गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाले मी कोंढ्याले आलो होतो, पन तुयासंगं बोलाले भेटलं नाही. तू पंगतीत वरन वाढून राहिला होता. मी दोनदा तुयाजवळ आलो अना दोनदा मांग फिरलो. मंग पोरीसंगं, रुपासंगं, इकडं तिच्या घरी परत आलो. रुपा मने, भंडाऱ्याले फोन लावून देतो. मले फोनवर बरोबर ऐकू येत नाही, अना मी मोठ्यानं बोललो का सारी गल्ली ऐकते. मनून चौथीपर्यंत शिकलो ते कामी लावून राहिलो. अक्षर समजून घेजो.

तुया बाबा गुलाब अना मी बत्तीस वर्षं एका सतरंजीवर बसलो. मी गाये, तो ढोलकी वाजवे. भंडारा जिल्हा फुटला नोता तवा आमी भीमगीतं घेऊन पार गोरेगाव, अर्जुनीपर्यंत गेलो. पंचफुलावहिनी, तुयी माय, तांब्या भरून त्याच्या मांग बसे. दोन गान्याच्या मंदी तो एक घोट पानी पिये, तवाच मले समजे का आता दुसरं गानं धराचं हाये.

आता काम सांगतो. नत्थू कोंढ्याच्या विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याचं मन हाये का यंदा वैशाख पौर्निमेले गुलाबची आठवन करावी अना आपली कॅसेट विहारात लावावी. ते कॅसेट तूच तुया स्टुडिओत बनवली. त्यात ढोलकी दबली हाये, कीबोर्डच वर आयकू येते. हे कमीजास्त करता येते असं तूच तवा मले सांगतलं होतं. तं एकच गानं, पाटीपेन्सिलीचं, ढोलकी वर करून दे. जन्मभर तो माया बाजूले, थोडासा मांगच बसला. एक दिवस त्याले समोर बसू दे.

गावात लोक मनतात का गुलाबचा हात जड झाला मनून आपली गान्याची पार्टी बंद पडली. मी त्यायले काही मनत नाही.

तुया काकाजी
तुलाराम


भंडारा
२० फेब्रुवारी २००७

आदरणीय तुलाराम काकाजींना जयभीम.

आपलं पत्र मिळालं. पुण्यानुमोदनाला आपण आलात हे आईनं सांगितलं होतं. मला तुमच्याशी बोलायला हवं होतं. त्या दिवशी मी कोणाशीच धड बोललो नाही. राग मानू नये.

आपण सांगितलेलं काम तितकंसं सोपं नाही. कॅसेटमध्ये गायकाचा आवाज, कीबोर्ड, ढोलकी, झांज हे सगळं वेगवेगळं घेतलेलं असतं आणि शेवटी एकत्र केलेलं असतं. त्याला मिक्सिंग म्हणतात. एकदा एकत्र केल्यावर त्यातून एकच वाद्य वर काढता येत नाही. त्यासाठी मूळ फाइल लागते. ती दोन हजार चारची आहे. इतक्या जुन्या फाइली आम्ही ठेवत नाही, जागा पुरत नाही. ती राहिली असेल असं मला वाटत नाही.

शिवाय ढोलकी वर आली तर तुमचा आवाज दबेल.

त्यापेक्षा असं करता येईल का, की कॅसेट लावूच नये. तुम्ही बाबांबद्दल दोन शब्द लिहून पाठवा, नत्थूभाऊ वाचून दाखवतील. बाबांना तेच जास्त आवडलं असतं.

आई बरी आहे. रुपाताईंना जयभीम.

आपला
अश्वजित


बपेरा
३ मार्च २००७

बाबू अश्वजितले जयभीम.

तू लिहिलं का दोन शब्द लिहून पाठवा. दोन शब्दायचीच तं भानगड हाये, बाबू. पहिल्या पत्रात मी ते लपवलं. आता लिहितो.

आपली कॅसेट निघाली तवा मी खूब खूश होतो. टपरीवर लागली का मी उगाच तिथून दोनदा जाओ. पन दहा वेळा आयकली अना मले काही खटकाले लागलं. गान्यात ढोलकी बरोबर होती, जागा सुटत नोती, पन एकही उठाव नोता. कडवं संपते, ध्रुपद याचं राहते, तिथं गुलाब असा उठाव घे का आयकनारा बसल्याजागी सरळ होये. तो कॅसेटमंदी कुठंच नाही. पहिल्या गान्यापासून सहाव्यापर्यंत सपाट. जसा एखादा मानूस मन मारून वाजवते.

मले वाटलं, हा थकला. नाही तं माया गान्यावरचं याचं मन उडलं.

दोन हजार पाचच्या जयंतीच्या आधी विहाराच्या वट्यावर तालमीले बसलो होतो. पंधरावीस लोक होते, नत्थू होता. गुलाबनं ढोलकी कसली अना मी सर्वायसमोर बोललो, "गुलाब, तुया हात जड झाला. कॅसेट आयकली नाही का तू? उठाव कुठं गेले तुये?"

नत्थू हासला. मने, आता गुलाबकाकाजीले ढोलकीची मशीनच घेऊन द्या.

गुलाबनं मायाकडं पाहलं.  मंग मने, "असंन बा." ढोलकीवर कपडा टाकला अना घरी गेला. त्याच्यानंतर त्यानं ढोलकीले हात लावला नाही. मी एकदा गेलो होतो बोलवाले. पंचफुलावहिनीनं चहा देल्ला, तो गोठ्यातून बाहेर आला नाही. मी पुन्हा गेलो नाही. मंग रुपानं मले इकडं आनलं, अना मी तिकडचं तोंड पाहनं सोडलं.

तो गेला तवा तुयाजवळ मी हेच बोलाले आलो होतो. दोन वर्षं झाली, मायाच एका बोलन्यानं त्याचा हात बंद झाला. तुले त्यानं कधी सांगतलं होतं का?

मनून मनतो, फाइल शोध. मले त्याचा हात लोकायसमोर आनाचा हाये. माया आवाज दबला तं दबू दे.

तुलाराम


भंडारा
१९ मार्च २००७

आदरणीय काकाजींना जयभीम.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस होत आले. रोज उत्तर लिहायला बसत होतो. आज जे लिहितो आहे ते वाचून तुम्हाला माझा राग येईल. तो यायलाच हवा.

बाबांचा हात जड झाला नव्हता. त्या कॅसेटमध्ये बाबा वाजवतच नाहीत.

समजेल असं सांगतो. ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं स्टुडिओत आलात, आठवत असेल. तुम्हा दोघांना आतल्या खोलीत सतरंजी टाकून बसवलं होतं. कानाला हेडफोन लावले होते, त्यात टकटक असा आवाज येत होता. त्या टकटकीच्या बरोबरीनं वाजवायचं असतं, कारण कीबोर्ड कॉम्प्युटरमध्ये आधीच त्याच लयीत बसवलेला होता. बाबांनी पहिल्या गाण्यातच हेडफोनचा एक कान बाजूला केला. मी काचेमागून खूण केली, त्यांनी परत लावला, आणि थोड्या वेळानं पुन्हा काढला. तुम्ही गाणं चढवलंत की ते चढत होते, तुम्ही ओढून धरलंत की थांबत होते. टकटक एका बाजूला आणि तुम्ही दोघं एका बाजूला.

पाटीपेन्सिलीच्या गाण्यात तर तिसऱ्या कडव्याजवळ ठेक्याचे दोन फेरे जास्त झाले. कीबोर्डचं सगळं पुढचं सरकलं.

तुम्ही चहाला बाहेर गेला होता. कीबोर्डवाला आणि आमचे मालक दोघं उभे होते. मालकांना अशोक विजयादशमीच्या आत कॅसेट हवी होती. त्यांनी मला विचारलं, हे तुझे वडील ना? मला तो प्रश्न टोचला. स्टुडिओत मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बाबांना म्हणालो, "बाबा, तुमचा हात चुकला. दोन फेरे जास्त वाजवले तुम्ही."

बाबा दाराकडे पाहत होते, तुम्ही गेला होता तिकडे. मग म्हणाले, "असंन बा."

तुम्हाला ते जे बोलले, तेच शब्द. तुमच्या पत्रात ते वाचले आणि मला पुढचं वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे येऊन टकटकीवर पुन्हा गायलात. तेच गाणं कॅसेटमध्ये आहे. ढोलकीचं मी असं केलं. बाबांनी वाजवलेल्यातून एक फेरा निवडला, आठ मात्रांचा, अगदी सरळ, मापात बसणारा. तो कापून घेतला आणि एकापुढे एक चिकटवला. त्या एका गाण्यात तो एकशे चार वेळा आहे. सहाही गाण्यांत तोच आहे, लय थोडी कमीजास्त करून. आमच्या कामात याला लूप म्हणतात. सगळे करतात. मालक म्हणाले, साफ झालं. मला बरं वाटलं.

उठाव सगळे होते, काकाजी. प्रत्येक कडव्याला होते. ते मी काढले.

कॅसेट तयार झाल्यावर बाबा ऐकायला आले होते. खुर्चीत बसून पूर्ण ऐकली. मांडीवर बोटं ठेवली होती, ती हलत नव्हती. शेवटी म्हणाले, "आवाज मायाच हाये." पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं, पवनीची गाडी किती वाजता आहे. मी त्यांना स्टँडवर सोडायलाही गेलो नाही, काम होतं.

तुम्ही त्यांना जे बोललात ते कॅसेट ऐकून बोललात. त्यात तुमचं चुकलं नाही. ते उलट सांगू शकले असते की मी सगळं वाजवलं होतं, पोरानं कापलं. गावासमोर ते त्यांनी सांगितलं नाही. पार्टी बंद पडल्याचं आईनं मला फोनवर सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मला अंदाज होता म्हणून विचारलं नाही.

फाइल नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. कपाटात सीडी आहे. माझ्याच अक्षरात त्यावर बाबांचं नाव आहे.

आपला
अश्वजित


बपेरा
३० मार्च २००७

अश्वजितदादा, जयभीम.

मी रुपा लिहून राहिली. तुमचं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. मग घडी करून उशीखाली ठेवलं आणि कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाले, ही घरात नको. मी कोठीत ठेवली आहे, फेकली नाही.

तुम्हाला पत्र लिहू का विचारलं तर म्हणाले, "त्याले लिवू नको. त्यानं मले गुलाबजवळ खोटा पाडला. मी त्याच्या कॅसेटवर भरोसा ठेवून मायाच मानसाले बोललो." दोन दिवस जेवले नाहीत, आता जेवतात. पण बोलत नाहीत.

दादा, एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. बाबांचं विसरणं फार वाढलं आहे. मागच्या आठवड्यात मला आईच्या नावानं हाक मारली. दुकानात जातात आणि काय आणायचं ते विसरून परत येतात. आणि कोणाला कळू नये म्हणून चिडतात. मी त्यांना कोंढ्याहून आणलं ते याच्याच पायी. त्यांनी गावात वेगळं सांगितलं होतं, मीही काही बोलली नाही. म्हणून सध्या तुम्ही काही पाठवू नका असं मला वाटते. पण काल ते अंगणात बसून मला विचारत होते का ती सीडी आपल्या घरच्या मशीनवर वाजते का.

तर तुम्ही पाहून घ्या. मला समजत नाही.

रुपा


भंडारा
९ एप्रिल २००७

आदरणीय काकाजींना जयभीम.

तुमची माफी मागणारं पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. सोबत सीडी पाठवतो आहे.

कपाटातली मूळ सीडी मी उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाटीपेन्सिलीच्या गाण्याची ढोलकी पूर्ण आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तुमचा खाकरण्याचा आवाजही आहे. तुम्ही दोघं एका खोलीत बसला होता, म्हणून बाबांच्या ढोलकीच्या माइकमध्ये तुमचं गाणंही शिरलं आहे, लांबून आल्यासारखं. आमच्या कामात हा दोष मानतात. दोन आवाज एकमेकांत शिरले की ते वेगळे करता येत नाहीत. हा ट्रॅक वापरता येणार नाही असं मी तेव्हा मालकांना सांगितलं होतं, त्याचं एक कारण हेही दिलं होतं.

तुम्ही नंतर टकटकीवर गायलात, ते गाणं मी या ढोलकीवर बसवून पाहिलं. बसत नाही. ढोलकी पुढे जाते, गाणं मागे राहतं. मग मी ढोलकी थोडी कापली, थोडी मागे ओढली. एक उठाव अर्ध्या मात्रेनं सरकवला, दुसरा जरा आखडला. सकाळपासून दुपारपर्यंत हेच केलं. जेवायची वेळ झाली तेव्हा ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे. सगळं मिटवलं.

म्हणून आहे तसंच पाठवतो. कीबोर्ड नाही, झांज नाही. मी फक्त आवाजाची पातळी थोडी वाढवली आहे, बाकी कुठेही हात लावलेला नाही.

तिसऱ्या कडव्यापाशी थोडं अंतर आहे. विहारात लावताना ते तुम्हाला नको वाटलं तर तेवढं मी काढू शकतो. ऐकणाऱ्याला कळणार नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

अश्वजित


बपेरा
२२ एप्रिल २००७

अश्वजितले जयभीम.

तुयी सीडी मिळाली. रुपाच्या घरवाल्यानं मशीन अंगनात आनून देल्ली. मी पहिले सर्वायले आत जा मनलो. मंग एकट्यानं आयकली.

बाबू, पहिला ठोका आयकला अना माया हात बाजूले गेला. तो बसे त्या बाजूले. तिथं बाजेचा पाय होता.

उठाव पाचही हायेत. मी मोजले.

आता तिसऱ्या कडव्याचं. तू लिहिलं, थोडं अंतर हाये. तू मोठा शाना हायेस. तुले आयकूनच समजलं, अना तू मले लाजवू नाही मनून तसं लिहिलं. तुया बापाचाच गुन तो. पन आता कोनी मायासाठी लपवू नोको.

"मायनं विकले कानातले, पाटी आनली बाजारातून" ही ओळ मीच बांधली. माया मायची गोष्ट हाये ते. तिथं आलो अना मायी ओळ गेली. डोक्यात काहीच नाही, जसं कोनी झाडून नेलं. सीडीत आयकू येते, मी तोंड उघडलं अना आवाज नाही. गुलाबनं तिथं ठेका सोडला नाही. एक फेरा वाजवला, माया तोंडाकडं पाहत असंन. तरी मले आठवलं नाही. मंग दुसरा फेरा वाजवला, अना त्यात ढोलकीच्या डाव्या बाजूले तीन थापा देल्ल्या, दबक्या. ते आमची खून होती. अर्जुनीच्या कार्यक्रमापासूनची. त्या थापा पडल्या का मले ओळ येई. आली.

तू लिहिलं का तू त्याले मनला, तुमचा हात चुकला. नाही चुकला. मी चुकलो. तो दाराकडं पाहत होता असं तू लिहिलं. तो मले पाहत होता, मी येऊन सांगतो का ते. अना मी बाहेर चहा पीत होतो, मनात मनत होतो का बरं झालं, कोनाले समजलं नाही.

अजून लिहितो, लिवनंच आलं तं. जयंतीच्या तालमीच्या आधीच मले भेव लागलं होतं. तीन गान्यायच्या ओळी जाऊन राहिल्या होत्या. लोकायसमोर अडलो तं काय, मनून झोप नाही. पार्टी बंद कराले मले कारन पायजे होतं. तुया कॅसेटनं ते माया हातात देल्लं. गुलाबचा हात जड झाला मनलं, का मंग मायी आठवन गेली हे मनाचं काम पडत नाही. त्याले ते मालूम होतं. बत्तीस वर्षं मायासंगं बसलेला मानूस, त्याले मालूम नसंन का? तरी मने, असंन बा.

तू त्याचा हात कापला, मी त्याचं नाव कापलं. तुयापेक्षा मायं जास्त हाये. मी त्याचा दोस्त होतो.

ते अंतर काढू नोको. जसं हाये तसं लाव, पूर्न. रुपा मले उन्हात गाडीत बसू देत नाही. तुमसरच्या डाक्टरनं मनाई केली. मनून तू उभा राह्यजो अना तालमीचं लिहिलं ते पत्र अना हे पत्र, दोन्ही जसंच्या तसं वाचजो. नत्थूले वाचाले देऊ नोको, तो हासंन. तू वाच.

तुया काकाजी
तुलाराम


भंडारा
६ मे २००७

आदरणीय काकाजींना जयभीम.

बुधवारी पौर्णिमेचा कार्यक्रम झाला. तुम्हाला सगळं कळवायचं आहे.

वंदना झाली, खीर वाटली, मग नत्थूभाऊंनी माझं नाव घेतलं. मला माइकसमोर उभं राहायची सवय नाही, मी कायम काचेच्या दुसऱ्या बाजूला असतो. आधी माझं सांगितलं. चार वाक्यं सांगितली असतील. कॅसेटवर बाबांचा एकच फेरा आहे, बाकी मी काढून टाकलं, त्यांचा हात शेवटपर्यंत चांगला होता.  मग तुमची दोन्ही पत्रं वाचली. तालमीतलं नत्थूभाऊंचं हसणं आलं ते मी गाळणार होतो, पण तुम्ही आहे तसं वाचायला सांगितलं होतं. नत्थूभाऊ खाली पाहत होते. नंतर ते उठून मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

मग सीडी लावली.

पहिला उठाव आला तेव्हा बायकांच्या बाजूला थोडी हालचाल झाली. दुसऱ्याला म्हातारी कौशल्याबाई मोठ्यानं म्हणाली, "हा, गुलाबच होय." तिसऱ्या कडव्यापाशी तुमचा आवाज थांबला. विहारात नुसती ढोलकी वाजत होती. त्या तीन थापा पडल्या. आणि तुम्ही आलात.

आई माझ्या बाजूलाच बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "असेच वाजवत होते. तुलारामभाऊ अडले का असेच." मी विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "आमा सगळ्या बायकायले ठाऊक होतं. मांगं बसलं का दिसते." काकाजी, तुम्ही जे लपवत होता ते बऱ्याच जणांना माहीत होतं, आणि त्यावरून तुम्हाला कोणी कमी समजत नव्हतं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

मी इथेच पत्र संपवणार होतो. पण तुम्ही सगळं लिहिलंत आणि मी अजून एक गोष्ट ठेवून घेतली आहे.

तो फेरा मी फक्त आपल्या कॅसेटमध्ये वापरला नाही. तो साफ होता, मापात होता. कॉम्प्युटरमध्ये मी त्याला बाबांचंच नाव दिलं होतं. पुढच्या महिन्यात दुसरी एक पार्टी आली, त्यांचा ढोलकीवाला आला नाही, तेव्हा तो लावला. मग लग्नाच्या गाण्यांची कॅसेट आली, तिच्यात लावला. मग मालकांनी तो दुसऱ्या दोन स्टुडिओंना दिला, त्यांनी कुठे कुठे लावला ते मला माहीत नाही. बाबांनी ढोलकीवर कपडा टाकला त्या वर्षीही मी तो वापरत होतो. ते घरी गोठ्यात बसले होते आणि जिल्हाभर त्यांचा तो एक फेरा वाजत होता. त्यांना मी हे सांगितलं नाही. आता तो परत घेता येत नाही. माझ्या कॉम्प्युटरमधून मी काढला, पण त्यानं काही होत नाही.

शुक्रवारी मी आईला घेऊन भंडाऱ्याला निघालो. अड्याळला गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला लग्नाचा मांडव होता, भोंगा आमच्या खिडकीच्या बाजूलाच होता. गाणं सुरू झालं आणि मी बाबांचा तो फेरा ओळखला. आईनं ओळखलं नाही. ती खिडकीला डोकं टेकून ऐकत होती. गाडीत माणसं चढत होती, गाणं संपून दुसरं लागलं, त्यातही तेच. मांडीवर तिच्या पाण्याची बाटली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली,

"कोन वाजवून राहिला रे हा? केव्हाचा थांबूनच नाही राहिला. याले कोनी पानी देत नाही का?"

 गाडी सुटली. काल आणि आज ती इथेच आहे, माझ्या समोर बसून तांदूळ निवडते आहे. हे पत्र टपालात टाकून आलो की तिला सांगणार आहे.

आपला
अश्वजित